चाकांवरचं घर नको, चाकांवरचा चौका पुरे



सध्या प्रत्येकीच्या मोबाईलवर कॅराव्हॅनचे व्हिडिओ येत आहेत. लांबलचक गाडी, आत पलंग, ओटा, बेसिन, छोटा फ्रीज, मागच्या बाजूला संडास-बाथरूम. नवरा गाडी चालवतो, बायको आत चहा ठेवते आणि खिडकीतून समुद्र दिसतो. खाली लिहिलेलं असतं, हॉटेलचा खर्च वाचवा, घर सोबत न्या. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला आणि लगेच चौघींचे निरोप आले. आपल्यासाठी हे किती छान! बाहेरचं खायला नको, कांदा-लसणाची धास्ती नको, सूर्य मावळायच्या आत हक्काने जेवता येईल. घ्यायची का भाड्याने?

माझं मत सुरुवातीलाच सांगते. घरचं अन्न सोबत घेऊन फिरणं आपल्यासाठी अगदी योग्य आहे. पण त्यासाठी ती महागडी गाडी लागत नाही. तिच्यातला फक्त ओटा आपल्या कामाचा आहे, आणि तो कोणत्याही साध्या गाडीत दोन सीटच्या जागेत बसतो. पलंग आणि स्नानगृह आपल्या तीर्थक्षेत्रांवर आधीच बांधून ठेवलेलं आहे.

हे काही नवीन सुचलेलं नाही. आपल्या समाजात 'संघ काढणे' हा शब्द किती जुना आहे बघा. ज्याने संघ काढला तो संघपती, आणि 'संघवी' हे आडनावही त्यातूनच आलं. बैलगाड्यांवर धान्य, भांडी, राहुट्या घालून महिनोन् महिने लोक यात्रेला जात. १९२७ साली आचार्य श्री शांतिसागर महाराजांचा संघ कुंभोज-बाहुबलीहून सम्मेदशिखरजीकडे निघाला. मुनी पायी चालत होते आणि श्रावकांचे चौके सोबत होते. आजही महाराजांचा विहार आपल्या भागातून जातो तेव्हा काय होतं? एखादी बाई टेम्पोत गॅस, पातेली, परात, छन्ना, पीठ, डाळी असं सगळं भरते आणि पुढच्या मुक्कामाला पहाटे पोचते. कधी शाळेच्या वऱ्हांड्यात तर कधी शेतातल्या घरी चौका लावते. नऊ-दहा वाजता पडगाहनाला कलश घेऊन उभी असते. कसली कॅराव्हॅन आणि कसलं काय! ती बाई चाकांवरचं स्वयंपाकघर वर्षानुवर्षं चालवते आहे. जी तयारी आपण महाराजांसाठी हसतमुखाने करतो, तीच तयारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या यात्रेसाठी का करत नाही, हा माझा प्रश्न आहे.

कारण खरी अडचण तिथेच आहे. आमचं गाव नाकाडोंगरी, भंडारा जिल्ह्याच्या अगदी टोकाला. पलीकडे मध्य प्रदेश, बाजूला डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, रस्त्यावर दिवसभर ट्रक. आपली घरं बोटावर मोजण्याइतकी. माझ्या सासूबाई व्रती आहेत. रात्री पाणीसुद्धा नाही, जेवण शोधाचं, पाणी गाळून उकळलेलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच होतं, एकदा मुक्तागिरी घडावी. आणि दर वेळी त्याच म्हणायच्या, "राहू दे गं, माझं शोधाचं कोण करत बसेल? तुम्ही जाऊन या." अशा किती सासवा, किती आया आपल्या घराघरांत आहेत! व्रत घेतलं म्हणून त्यांचा प्रवास संपला. घरचे यात्रेला जातात आणि व्रत पाळणारीच घर राखत बसते. याची बोच आपल्याला लागायला हवी.

मागच्या मार्गशीर्षात आम्ही त्यांना घेऊन गेलो. रामटेक, मुक्तागिरी, कारंजा आणि शिरपूर. पाच दिवस, दहा माणसं, बारा सीटची भाड्याची ट्रॅव्हलर. मागच्या दोन सीटवर कुणी बसलं नाही, तिथे चौका बसला.

पाचच दिवस का, तर ते पिठाने ठरवलं. आपल्या घरांत पिठाची मर्यादा सगळ्यांना पाठ असते: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. निघायच्या आदल्या संध्याकाळी दळलेलं पीठ हिवाळ्यात पाच दिवसांच्या प्रवासात आरामात मर्यादेत राहतं. पावसाळ्यात तसंही फिरायचं नाही. चातुर्मासात मुनी एका जागी राहतात ते जीवदयेसाठी, आणि रस्ताही तेव्हा धड नसतो. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावं आणि पीठ संपायच्या आत घरी यावं. सहल किती मोठी करायची याचं याहून सोपं माप मला ठाऊक नाही.

आता हिशोब. भाव प्रत्येक गावी वेगळे असतात, म्हणून हे आकडे नमुन्याचे समजा आणि तुमच्याकडचे घालून बघा. वरची चार क्षेत्रं करून नाकाडोंगरीला परत यायला हजार किलोमीटर धरा. गाडी किलोमीटरला २२ रुपये दराने २२,००० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता रोज ५०० प्रमाणे २,५००. टोल आणि पार्किंग २,०००. शिधा आणि गॅस ४,५००. चार रात्री, चार खोल्या, खोलीला ४०० रुपये धरले तर ६,४००. एकूण ३७,४०० रुपये. दहा जणांत प्रत्येकी ३,७४०. हाच खर्च चौघांच्या कॅराव्हॅनवर वाटून बघा, माणशी ९,३५० होतो. आणि त्यात कॅराव्हॅनचं भाडं साध्या गाडीइतकंच धरलंय. मी एके ठिकाणी चौकशी केली होती, तिथे सांगितलेलं भाडं यापेक्षा बरंच वर होतं. पलंग आणि न्हाणीघर गाडीत घातलं की माणसांची जागा जाते, आणि प्रवास महाग होतो तो तिथेच.

परदेशात लोक अशा गाड्यांतून स्वस्तात फिरतात हे खरं आहे. तिथे जागोजागी गाड्यांसाठी तळ असतात. ठरलेली जागा, पाण्याचा नळ, विजेची जोडणी, घाण पाणी सोडायची सोय. तळ स्वस्त म्हणून प्रवास स्वस्त. आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. त्यात अशा तळांचा विचार आहे. पण असे तळ अजून मोजकेच आहेत. तळ नसेल तर ती गाडी रात्री उभी कुठे करायची? पेट्रोल पंपावर? हॉटेलच्या आवारात पैसे भरून? मग वाचलं काय?

आणि इथेच आपण जैन बायका भाग्यवान आहोत. आपले तळ आधीच बांधलेले आहेत. क्षेत्रावर धर्मशाळा आहे, विहीर किंवा बोअर आहे, आवाराला भिंत आहे, रात्री चौकीदार आहे, पहाटे अभिषेकाची घंटा आहे. पूर्वजांनी दान देऊन हे उभं केलं ते संघासाठीच.

थोडं कामाचं बोलू, कारण काही जणी लगेच निघायच्या तयारीत असतील.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेणं कायद्यात बसत नाही. मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात येते. गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते आधी विचारा, नाहीतर वेगळा कर भरावा लागतो आणि तो कुणी भरायचा यावर वाद होतो. जुना टेम्पो विकत घेऊन त्यात पलंग-ओटा ठोकायचा बेत कुणाचे मिस्टर करत असतील तर त्यांना थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदात जे आहे ते मनाने बदलता येत नाही.

गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. तो गाडीत उभा बांधून ठेवा आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर काढलेला असू द्या. गाडीच्या आत शेगडी कधीच पेटवू नका, काचा उघड्या असल्या तरी नाही. बाहेर जागा बघून, आधी मऊ झाडूने हलकेच झाडून, मुंग्यांची रांग नाही ना हे पाहून शेगडी मांडायची. आपल्याला ही सवय लहानपणापासून असते, प्रवासात घाईने ती सुटू नये एवढंच.

पाणी सगळ्यात महत्त्वाचं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं. उकळलेल्याची २४ तास. म्हणून सकाळी मुक्कामावरच मोठं पातेलं उकळून स्टीलच्या कॅनमध्ये भरलं की व्रती माणसाची दिवसभराची काळजी मिटते. जिवाणी जिथलं पाणी तिथेच सोडून निघायचं. सोबत नेऊन भलत्या नाल्यात ओतायची नाही. भांडी धुतलेलं पाणी एका जागी साचू देऊ नका, उन्हात कोरड्या जमिनीवर पसरून टाका म्हणजे लवकर वाळेल आणि समूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होणार नाही.

वेळ सांभाळा. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चार वाजता गाडी थांबली पाहिजे, मग पाचला पानं वाढून होतात. परतीला आम्ही समृद्धी महामार्ग धरला. तिथे रस्त्याच्या कडेला थांबून शेगडी मांडता येत नाही. म्हणून वर चढायच्या आधीच जेवण उरकून घेतलं.

आता त्या मुद्द्याकडे येते ज्यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. माझी धाकटी जाऊ निघायच्या आधी म्हणाली, "वहिनी, घरी ओट्यापाशी, गाडीतही ओट्यापाशी. मग मी फिरायला गेले कुठे?" तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्या व्हिडिओतही बघा, चहा कोण करतंय? चौका चाकांवर गेला म्हणून बाईचा प्रवास होत नाही, तिची फक्त जागा बदलते. यावर उपाय केला नाही तर माझा हा सगळा लेख फुकट आहे.

आम्ही नियम केला की गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला काम. पुरुषांनी पाणी गाळायचं, उकळायचं, भांडी घासायची आणि सामान चढवायचं-उतरवायचं. ज्यांना पोळ्या येत नव्हत्या त्यांनी भाज्या शोधून चिरायच्या. शेंगेतला दाणा न् दाणा उघडून बघायचा, तसाच टाकायचा नाही. दिवसातून एकदाच शेगडी पेटवायची. दुसरं जेवण घरून केलेलं: खाखरे, दशम्या, भाजलेले पोहे, डाळव्याची चटणी. ज्या दिवशी जिची पाळी नाही, तिने चौक्याकडे फिरकायचंही नाही, मंदिरात बसायचं. पहिल्या दिवशी पाणी गाळताना माझ्या दिरांनी छन्ना उलटा धरला आणि सगळे हसले. तिसऱ्या दिवशी ते न सांगता जिवाणी सोडून आले. पुरुषांना जमत नाही असं नाही, आपण त्यांना छन्ना हातात देत नाही.

सासूबाईंनी मुक्तागिरीच्या पायऱ्या थांबत थांबत चढल्या. बावन्न मंदिरांपैकी जेवढी झाली तेवढी त्यांनी केली. धबधब्याजवळ बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. खाली आल्यावर गरम फुलके आणि मुगाची डाळ तयार होती, दिरांनी वाढली. त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे कुणाचं काही अडलं नाही ना?" मला तेव्हा वाटलं, इतकी वर्षं त्यांना डोंगराची भीती नव्हती. आपण ओझं होऊ, याची भीती होती.

काही जणी म्हणतील, फिरणं हीच मुळात हौस. आपल्या धर्मात तर दिग्व्रत आहे, देशव्रत आहे, दिशांची मर्यादा घालायला सांगितली आहे. मला वाटतं स्वस्त प्रवासाचं खरं शिक्षण तिथेच आहे. निघायच्या आधी ठरवायचं की इतक्या दूर, इतके दिवस, या कामासाठी, इतक्या पैशांत. वाटेत कुणी म्हणालं, चला आता इतकं आलोच आहोत तर आणखी पुढे जाऊ, तर नाही म्हणायचं. खर्च फुगतो तो या 'आलोच आहोत तर' मुळे. आणि स्वतःची कॅराव्हॅन विकत घेणं हा तर निव्वळ परिग्रह आहे. वर्षातले पंधरा दिवस वापरायची आणि उरलेले साडेअकरा महिने दारात उभी करून तिची धूळ पुसायची, विमा भरायचा. एक घर सांभाळताना आपली काय गत होते ते आपल्यालाच ठाऊक.

शेवटी क्षेत्रांच्या ट्रस्टींना एक विनंती आहे, आणि ती तुम्ही सगळ्यांनी मिळून करावी म्हणून इथे लिहिते. पूर्वीच्या एका यात्रेत, क्षेत्राचं नाव घेत नाही, आम्हाला आवारात शेगडी मांडू दिली नाही. भोजनशाळा आहे ना, तिथे जेवा, असं सांगितलं. भोजनशाळा चांगलीच होती, पण व्रती माणसाच्या मर्यादेचं तिथे प्रत्येक वेळी कसं जमणार? त्यांची आगीची काळजीही मला समजते. म्हणूनच मागणी अशी आहे. आवाराच्या एका कोपऱ्यात पत्र्याची शेड, त्यात कडाप्प्याचा एक लांब ओटा, एक नळ, एक दिवा आणि जिवाणी सोडायला कडीची बादली. शेजारी म्हाताऱ्या माणसांना जमेल असा, पायऱ्या नसलेला संडास. दर लिहिलेली पाटी. अष्टाह्निकेत खोल्या भरल्या की ज्यांना गाडीतच झोपायचं असेल त्यांना आवारात गाडी उभी करायची परवानगी. यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. मंदिरात संगमरवर बसवायला आपल्याकडे दाते रांगेत उभे असतात. त्यातला एकजण या ओट्यासाठी पुढे आला तर किती व्रती बायकांची यात्रा घडेल!

तुमच्या गावाजवळच्या क्षेत्रावर असा ओटा आधीच असेल तर मला जरूर कळवा. नसेल तर पुढच्या दर्शनाला जाल तेव्हा कार्यालयात एक साधा अर्ज देऊन या, चार बायकांच्या सह्या घालून. आणि घरात कुणी "माझं राहू द्या" म्हणणारं असेल, तर या हिवाळ्यात पीठ दळायच्या आधी त्यांना विचारा, कुठं जायचं.

जय जिनेंद्र.